चेहऱ्यावर काही उमटत नाही

मॅडम, आज तो आमच्या कॉलेजात आला होता. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. गेला आठवडाभर साताऱ्यात चौकाचौकांत त्याचे फ्लेक्स लागले होते, 'युवकांचे आशास्थान'. तो माझ्याच वर्गातला, म्हणजे पन्नाशी उलटलेली. पण फ्लेक्सवरचं आशास्थान पंचविशीच्या पुढे सरकलेलं नाही. मी रोज कॉलेजला जाताना त्याच्याकडे बघायची आणि रोज तुमची आठवण यायची. आज कार्यक्रम संपला, घरी आले, चहा केला आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण आजचं तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

तुम्ही आमच्या वर्गावर पहिल्यांदा आलात तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. इस्लामपूरच्या कॉलेजातली पत्र्याच्या छपराची लांबट खोली, खिडकीबाहेर सायकलींची रांग. तुम्ही आत येता, टेबलावर पुस्तक ठेवता आणि वर्ग एकदम गप्प होतो. तुमच्या डोळ्यांभोवती, ओठांभोवती, दोन्ही हातांच्या बोटांवर कोड. आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "दोन मिनिटं देते. सगळ्यांनी नीट बघून घ्या. नंतर वर्षभर पुस्तकाकडे बघायचं आहे." आणि खरंच तशाच उभ्या राहिलात, खिडकीच्या उजेडात, हात टेबलावर ठेवून. आमच्यातल्या कोणाची मान वर होईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून तो म्हणाला, "मॅडम, आमी आधीपासनं पुस्तकच बघतोय की." वर्ग हसला. तुम्हीही हसलात. पहिल्याच दिवशी त्यानं तुम्हाला हसवलं होतं, हे मी नंतर कित्येकदा आठवलंय.

तो देखणा होता, म्हणजे किती, हे आज फ्लेक्सवरून कळायचं नाही. साखर कारखान्याच्या एका संचालकाचा तो धाकटा मुलगा. पण नुसत्या पैशावर माणसं अशी भाळत नाहीत. तो आला की प्राचार्यांचा आवाज मऊ व्हायचा, कँटीनवाला आधी त्याचा चहा ओतायचा, आणि आम्ही मुली तो गेल्यावर काही वेळ आपापसात बोलायचोच नाही. त्यानं काहीही केलं तरी लोक म्हणायचे, वयच आहे. गॅदरिंगला माझी आई आली होती. स्टेजवर त्याला बघून ती म्हणाली, "काय पोरगं हाय गं! देवानं सवडीनं घडीवलंय." आणि त्याच संध्याकाळी, तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुढे गेलात तेव्हा, मला बाजूला ओढून म्हणाली, "त्या बाईच्या हातचं काय खाऊ नगंस. मागल्या जन्माचं आसतंय त्ये." माझी आई वाईट नव्हती, मॅडम. आमच्याकडे माणूस असाच वाचायची पद्धत होती.

आणि तुम्ही आम्हाला जे शिकवत होतात त्यातही हीच पद्धत होती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या, राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या. त्यांतला गोरापान, सोनेरी केसांचा तरुण दिवाणखान्यात आला की सगळी मोठी माणसं त्याच्याभोवती गोळा होतात, त्याच्या तारुण्याची आरती ओवाळतात. आणि तो बिघडला की लेखक त्याच्या तोंडावर ते बिघडणं काढून दाखवतो, ओठांची कड क्रूर होते, डोळ्यांखाली काळं येतं. आणि ज्याच्या अंगावर आधीपासूनच काही खूण आहे, कुबड, व्रण, डाग, तो तर पहिल्या पानापासून दुष्ट. तुम्ही ती वर्णनं मोठ्यानं वाचायचात, शांतपणे. तुमच्या बोटांत खडू कुठला आणि बोट कुठलं ते लांबून कळायचं नाही. आम्ही प्रश्नोत्तरं उतरून घ्यायचो. तुम्हाला वाचताना काय वाटत असेल हे त्या वयात मनातही आलं नाही.

त्याच्या शेजारी त्याच्याच गावचा एक मुलगा बसायचा. शेतमजुराचा मुलगा, काळासावळा, लांब हातापायांचा. तो त्याची वही लिहायचा, त्याच्यासाठी सायकल पिटाळत जाऊन पान आणायचा. पण पहाटे उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर पळायचा ते स्वतःसाठी. त्याला मिलिटरीत जायचं होतं. कोल्हापूरच्या भरतीत मैदानी चाचणी निघाली, मेडिकल झालं, आता नुसतं बोलावणं यायचं बाकी होतं. त्याच्या घरातला महिन्याच्या पगाराचा तो पहिला माणूस होणार होता.

हंगामाचे दिवस होते. संध्याकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे सांगलीच्या एस.टी.त बसला होतात आणि आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांमागं एस.टी. थांबली होती. नंतर कधीतरी, मी फार विचारलं तेव्हा, तुम्ही मला हे एकदाच सांगितलंत. संचालकांच्या घरची जीप चुकीच्या बाजूनं जोरात आली आणि सायकलवरून वैरण नेणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनं उडवलं. जीप थांबली ती बरोबर तुमच्या खिडकीखाली. शेजारच्या सीटवरून तो काळासावळा मुलगा उडी टाकून म्हाताऱ्याकडे धावला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. स्टिअरिंगवर बसलेला संचालकांचा मुलगा खाली उतरला नाही. त्यानं आधी आरसा वाकडा करून कपाळाला लागलंय का ते बघितलं. लागलं नव्हतं.

म्हातारा सांगलीच्या सिव्हिलमध्ये वारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कॉलेजात यायच्या आधी पोलीस चौकीत गेलात, तर तिथं तो काळासावळा मुलगा आधीच बसलेला. गाडी मी चालवत होतो, असं त्यानं सांगूनही टाकलं होतं. अख्ख्या कॉलेजला माहीत होतं की त्याला गाडी चालवता येत नाही. तरीही तुमच्याशिवाय कोणी जबाब द्यायला गेलं नाही. एस.टी.भर माणसं होती मॅडम, आणि सगळ्यांच्या खिडक्या जणू पलीकडच्या बाजूला होत्या. मग संस्थेच्या ऑफिसात तुम्हाला बोलावलं. तिथं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण चार दिवसांत गावभर एकच वाक्य फिरत होतं, बाईला देखणं पोरगं बघवत नाही. चहाच्या गाड्यावर, एस.टी. स्टँडवर, मुलींच्या खोल्यांतही. स्वतःचं तोंड असलं म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर राग. एवढं बोलून झाल्यावर तुमच्या जबाबाचं काही उरलंच नाही.

त्या आठवड्यातला तुमचा तास मला शब्द न् शब्द आठवतो. तो त्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसला होता. तुम्ही आत आल्यावर उभा राहिला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "मॅडम, तुमचा गैरसमज झालाय. माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही. तुम्ही मला आईसारख्या आहात." काय सुंदर दिसत होता तो तेव्हा! माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. तुम्ही त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "बस. पुढचं प्रकरण घेऊ." आणि पुस्तक उघडलंत, पण वाचलं नाहीत. पुस्तक तसंच हातात धरून बोलत राहिलात. "या लेखकांची एक भाबडी समजूत आहे. त्यांना वाटतं, पाप केलं की ते चेहऱ्यावर उमटतं. वाचकाला बरं वाटावं म्हणून ते असं लिहितात. दुष्ट माणूस ओळखू आला की झोप चांगली लागते. पण चेहऱ्यावर काही उमटत नाही, मुलांनो. माणूस काय करतो ते बघावं लागतं. प्रत्येक वेळी, नव्यानं. त्याला कष्ट पडतात." मग घंटा झाली. परीक्षेला हा प्रश्न येणार नाही हे कळल्यामुळे बहुतेकांनी काही लिहून घेतलं नव्हतं.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीनंतरचं, आणि मार्च उजाडायच्या आत तुम्ही आमच्या कॉलेजात नव्हतात. तुमची बदली संस्थेच्या कवठे महांकाळच्या शाखेत झाली, अकरावी-बारावीच्या वर्गांवर. निरोपाचा कार्यक्रम नाही, नारळ नाही. सांगलीहून रोज ती एस.टी., तो उन्हाचा मुलूख, आणि तुमच्या कातडीला ऊन सोसायचं नाही. तुम्ही पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज आणि काळी छत्री घेऊन जायचात. तिथल्या पोरांनी म्हणे तुमचं नाव 'छत्रीवाल्या मॅडम' ठेवलं होतं. तुम्हाला ते आवडलं होतं. "बघ, त्यांना आधी छत्री दिसते," असं म्हणाला होतात.

एम.ए.ला असताना दर रविवारी मी सांगलीला विश्रामबागेत तुमच्या घरी यायची. पुढच्या खोलीत पुस्तकं होती, पण आपला अभ्यास स्वयंपाकघरातच व्हायचा. तुम्ही ओट्याशी उभ्या, मी पाटावर. तुम्ही उप्पिटासाठी रवा भाजता भाजता परिच्छेदच्या परिच्छेद पाठ म्हणायचात आणि मी चुकले की उलथनं कढईच्या काठावर वाजवायचात. आईचं बोलणं पहिल्या रविवारी माझ्या घशाशी आलं होतं; दुसऱ्या रविवारी मी दुसऱ्यांदा उप्पिट मागून घेतलं. त्याच वर्षी मला बघायला दोन स्थळं आली आणि दोन्ही ठिकाणांहून रंगावरून नकार आला. मी पंधरा दिवस एक क्रीम लावून तोंडाची आग करून घेतली होती. तुमच्यासमोर रडत म्हणाले, "मॅडम, मी जरा गोरी असते तर." तुम्ही गॅस बंद केलात. वळलात. दोन्ही हात माझ्यापुढे पसरून म्हणालात, "मी रोज थोडी थोडी गोरी होतेय. घेतेस?" तुम्ही माझ्यावर असं कधीच चिडला नव्हतात. मी घाबरून उठून उभी राहिले. मग तुम्हालाच हसू आलं आणि तुम्ही मला चहाची कपबशी विसळायला लावलीत. क्रीमची डबी मी जाताना तुमच्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली.

नोकरी लागल्यावर आई पेढे घेऊन स्वतः तुमच्याकडे आली, आठवतंय? उंबऱ्यात जरा घुटमळली. तुम्ही म्हणालात, "या, बसा. तुमच्या मुलीनं नाव काढलं." नंतर तुम्ही दोघी ऊस, पाटाचं पाणी, माझ्या हवालदार वडिलांच्या बदल्या असं काय काय बोलत राहिलात, आणि निघताना आईच म्हणाली, "आवं बाई, तुमी येक घोट चा न्हाई इचारला आमास्नी." तुम्ही केलात. ती बशीत ओतून सगळा प्याली. परत येताना एस.टी.त तिनं तिकिटं कमरेला खोचली. मग म्हणाली, "बोलाय लागल्या का त्ये दिसत बी न्हाई गं." तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात आम्हाला सोडून गेलात त्या दिवशी माझ्यापेक्षा तीच जास्त रडली.

आता आजचं सांगते. आमच्या कॉलेजात युवा सप्ताहाचं उद्घाटन होतं. तो आला. मॅडम, तो अजून देखणा आहे. केस काळेभोर, ते रंगवलेले असतील. पण पाठ ताठ, कातडी तुकतुकीत, दात पांढरे. मी मुद्दाम जवळून बघितलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. काहीही उमटलेलं नाही. माईकसमोर उभा राहून त्यानं मुलांना पहिला प्रश्न विचारला, "माझं वय किती असेल, सांगा बघू?" मुलं ओरडली, "तीस! पस्तीस!" तो मान मागे टाकून हसला. मग तरुण असणं म्हणजे काय यावर बोलत राहिला. मला आभार मानायचे होते, पण भाषण लांबणार हे दिसलं म्हणून बाहेर गाड्यांपाशी ड्रायव्हर लोकांना चहा मिळाला का ते बघायला गेले.

त्याच्या गाडीपाशी एक म्हातारा उभा होता. पांढरे केस, गालफडं बसलेली, पुढचे दोन दात नाहीत. मी कप पुढे केला तर म्हणाला, "चा नगं मॅडम, पाणी चालंल." पाणी पिऊन माझ्याकडे बघत राहिला. "तुमी इंग्लिशला हुता न्हवं? मुलींच्या दुसऱ्या बाकावर?"

लांब हातांवरून मी त्याला ओळखलं. तोच तो. ते बोलावणं कधी आलंच नाही. केस चालू असलेल्या मुलाला मिलिटरी कुठं घेते? केस बरीच वर्षं रखडली, मग मिटली. तोपर्यंत वय गेलं होतं.

"तू गाडी कधी शिकलास रे?" माझ्या तोंडून गेलं.

तो हसला. "केस लागल्याव. कोर्टात कुणी म्हनलं, चालवून दाव, तर पंचाईत नगं म्हनून. थोरल्या साहेबांनीच, ह्येंच्या वडलांनी, शिकवाय लावलं. मंग ऱ्हायलो हितंच."

"राग येत नाही?"

"राग कुनाचा? सांबाळलं की त्यांनी. पोरींची लग्नं करून दिली." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आपल्या मॅडम आलत्या तवा आमच्या घरी. तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

"म्या आदीच सांगून टाकलं, जबाब बदलाचा न्हाई, शपत घेतलीया. त्या म्हनल्या, मी त्याच्यासाठी आले नाही. आयनं भाकरी दिली, ती खाल्ली. मंग इचारलं, का केलंस? म्या म्हनलं, मॅडम, त्येचं तोंड बघा की. आसलं पोरगं जेलात कसं शोभंल? आमचं काय, आमी आसंच." आतून टाळ्यांचा आवाज आला. "त्या म्हनल्या, आनि तुझं तोंड कुणी बघितलं? आन् हात लावला हितं." त्यानं आपल्या बसलेल्या गालावर पंजा ठेवला. "तसा हात कुनी लावला न्हवता मला कवा."

हा आणि आत भाषण करणारा तो, दोघंही एका वयाचे, एका गावचे, एका बाकावरचे. मॅडम, तुमचं बोलणं मी आयुष्यभर वर्गात सांगत आले, चेहऱ्यावर काही उमटत नाही. आज पहिल्यांदा वाटलं की उमटतं. फक्त ते करणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटत नाही. त्याची सगळी वर्षं दुसरं कोणीतरी आपल्या तोंडावर वागवत असतं, पगारावर, गाडीपाशी उभं राहून. तुम्ही असतात तर यावर काहीतरी हरकत काढली असतीत, आणि मला ती ऐकायची होती.

आत जाऊन मी आभार मानले. प्रमुख पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, मंडपवाल्याचे. आणि शेवटी म्हणाले, "आज पाहुण्यांची गाडी ज्यांनी चालवली, ते माझे वर्गमित्र आहेत. वर्गात सगळ्यांत जोरात पळणारे. त्यांचेही आभार." मी त्याचं पूर्ण नाव घेतलं. तो दाराशी येऊन उभा होता. पोरांनी वळून बघितलं तेव्हा त्यानं हात जोडले, आणि मग हात कुठं ठेवावेत ते न कळून तसेच जोडून ठेवले. सगळ्यांत आधी टाळी कोणी वाजवली सांगू? स्टेजवरच्या साहेबांनी. मोठ्या मनानं, हसून. माझं बोलणं त्यांना कुठंच लागलं नव्हतं.

चहाच्या वेळी स्टेजवरचा तो माझ्याजवळ आला. "आपण एका वर्गात होतो? काय सांगता! तुम्ही तर माझ्या मॅडम शोभता," म्हणाला, आणि सगळे हसले. मग आवाज उतरवून म्हणाला, "आपल्या इंग्रजीच्या मॅडम गेल्या ना? फार छान शिकवायच्या हो. मला वाचनाची गोडी त्यांनीच लावली." तो खोटं बोलत नव्हता, मॅडम. त्याला खरंच तेवढंच आठवत होतं. चौकी, तुमची बदली, सायकलवरचा म्हातारा, यातलं काही त्याच्यात शिल्लकच नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली.

हे कुठं पाठवायचं नाही. विश्रामबागेतल्या घरात आता दुसरी माणसं राहतात आणि त्यांना यातलं काय कळणार? कागद घडी करून कपाटात ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. फक्त एक राहिलं. फोटो काढताना तो माझ्याशेजारी उभा होता. त्यानं वाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हसा की मॅडम." सगळं माहीत असून, दाराशी उभा असलेला तो लांब हातांचा मला दिसत असून, मला छान वाटलं. मी हसले.